वर्तुळाची वाटणी : धरणे, फिरवणे आणि लिहिणे यांच्या एका इतिहासाविषयी

१

एका गोल पोलादी कांबीच्या टोकाला सात समान बाजू पाडायच्या आहेत, असे समजू. ३६० ला ७ ने निःशेष भाग जात नाही. केवळ पट्टी आणि कंपास घेऊन सुसम सप्तकोन काढता येत नाही, हेही गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केले आहे. तरीही यंत्रशाळेत असली कामे रोज होतात, आणि ज्याला भूमितीतली ही अडचण ठाऊकही नाही असा माणूस ती बिनचूक करतो. तो कांब घट्ट धरतो, ठरलेल्या कोनातून फिरवतो, किती फिरवली ते मोजतो आणि प्रत्येक थांब्यावर कटर चालवतो. धरणे, फिरवणे, मोजणे ही या कामाची तीन क्रियापदे. गेल्या अडीचशे वर्षांत त्यांत चौथे क्रियापद शिरले, आणि ते आपल्या, म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या, ओळखीचे आहे : लिहिणे. या चौघांचे आपापसांत काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही यंत्रविद्येतील जाणकार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु 'संहिता' या शब्दाची व्याप्ती आपण गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढवली आहे. शिलालेख, जाहिरात, पाककृती, कायद्याचे कलम हे सारे आपण संहिता म्हणून वाचतो. यंत्राला दिलेल्या आज्ञांची यादी मात्र आपल्या टेबलावर सहसा येत नाही. मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवणाऱ्यांना तरी हा दुरावा शोभत नाही. ज्या मासिकाने मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला वळण लावले ते 'किर्लोस्कर' १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने निघाले, आणि ते नांगर व इतर यंत्रसामग्री करणाऱ्या कारखान्याचे पत्रक होते. लेथचा आवाज आणि संपादकाचे टेबल यांतले अंतर तेव्हा फार नव्हते.

२

वर्तुळाचे समान भाग करण्याची निकड कारखान्यांच्या आधी आकाशाने आणि समुद्राने निर्माण केली. ताऱ्यांची उंची मोजणाऱ्या उपकरणांवर अंशांच्या खुणा असत, आणि त्या जितक्या अचूक तितके निरीक्षण विश्वासार्ह. अठराव्या शतकातील लंडनमध्ये या कामातला सर्वांत नावाजलेला हात जॉन बर्ड याचा होता. ग्रीनिचच्या वेधशाळेसाठी त्याने १७५० मध्ये आठ फूट त्रिज्येचे भिंतीवर बसवायचे पितळी चतुर्थांश यंत्र केले. अशा यंत्रांवर नव्वद अंशांच्या पट्टीबरोबर आणखी एक पट्टी असे आणि तिच्यावर काटकोनाचे ९६ भाग पाडलेले असत. कारण साधे होते. वर्तुळाच्या त्रिज्येएवढी जीवा घेतली की साठ अंश मिळतात. ९६ च्या पट्टीवर या साठ अंशांचे ६४ भाग होतात आणि ६४ पर्यंत केवळ निम्मे-निम्मे करीत जाता येते. जे हाताला जमते त्याच्याभोवती अंकांची रचना करायची, अशी ही रीत होती. उष्णतेने धातू प्रसरण पावतो म्हणून बर्ड तापमानालाही फार जपे. हे सारे त्याच्या बोटांत आणि सवयींत साठलेले होते.

ब्रिटनच्या रेखांश मंडळाला नेमकी हीच चिंता होती. बर्ड गेला तर त्याच्याबरोबर हे ज्ञानही जाणार. म्हणून मंडळाने त्याला ५०० पौंड दिले आणि दोन अटी घातल्या : त्याने शिष्य तयार करावा, आणि आपली पद्धत लिहून द्यावी. ती पुस्तिका १७६७ मध्ये प्रसिद्ध झाली. आमच्या मते या इतिहासाचा पहिला महत्त्वाचा क्षण हा आहे. राज्यसंस्था कारागिराकडून वस्तू विकत घेत होतीच. आता ती त्याच्याकडून संहिता विकत घेऊ लागली. मात्र तिने केवळ संहितेवर भागवले नाही. लिहून दे आणि शिष्यही घडव, असे ती म्हणाली. लिहिलेले पुरेसे नसते, याची जाण त्या करारात स्पष्ट दिसते.

दहा वर्षांनी, १७७७ मध्ये, त्याच मंडळाच्या आश्रयाने जेसी रॅम्सडेन याच्या विभाजन यंत्राचे वर्णन छापले गेले. यंत्र आणि त्याविषयीचे ज्ञान यांपोटी रॅम्सडेनला एकूण ६१५ पौंड मिळाले. त्यालाही इतरांना शिकवण्याची अट होतीच. हे यंत्र म्हणजे ४५ इंच व्यासाचे आडवे चक्र. त्याच्या कडेला २१६० दाते, आणि त्यांत अडकलेला एक मळसूत्री स्क्रू. स्क्रूचा एक पूर्ण फेरा झाला की चक्र एक दाता पुढे सरके, म्हणजे बरोबर दहा कला. ज्या उपकरणावर खुणा करायच्या ते चक्रावर बसवायचे. चक्र उपकरणाला फिरवी, आणि रेघ ओढणारे टोक आपल्या जागी राहून फक्त पुढे-मागे होई. वस्तू फिरते आणि हत्यार तिची वाट पाहते, ही रचना पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे. रॅम्सडेनचे ते यंत्र आज अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

बर्डच्या बोटांतली अचूकता अशी दात्यांत उतरली. ज्याचा हात बर्डइतका तयार नव्हता त्यालाही आता चांगला सेक्स्टंट आखता येऊ लागला. परंतु ते २१६० दाते पाडताना लागलेला संयम रॅम्सडेनचाच होता. यंत्र कौशल्य नाहीसे करते असे म्हणण्यापेक्षा, ते कौशल्य एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी, आणि पुष्कळदा दुसऱ्या माणसाकडे, ठेवते असे म्हणणे अधिक योग्य.

३

यानंतरचा टप्पा अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातला. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स या गावी बंदुका बनवणाऱ्या एका कारखान्यात फ्रेडरिक हाउ हा तंत्रज्ञ एका क्षुल्लक वाटणाऱ्या अडचणीने त्रस्त होता. बंदुकीच्या भागांत भोके पाडायला पिळाचे ड्रिल लागत, आणि त्या ड्रिलवरच्या नागमोडी खाचा कामगार बारीक गोल कानशीने, हाताने घासून काढत. त्याने ही अडचण जोसेफ ब्राउन यांच्यापुढे ठेवली. ब्राउन यांनी १८६२ मध्ये जे 'युनिव्हर्सल' मिलिंग यंत्र तयार केले, त्याच्या टेबलावर एक फिरती पकड होती. टेबल पुढे सरके तशी तीही दातेरी चक्रांच्या साहाय्याने त्याच लयीत कांबेला फिरवी, आणि स्थिर कटरखाली पिळाची खाच आपोआप उमटे.

या पकडीचा वंशज असलेले डिव्हायडिंग हेड आजही आयटीआयच्या कार्यशाळांत दिसते. त्याची कार्यपद्धती थोडी खोलात जाऊन पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात वाचन आहे. हँडलचे चाळीस फेरे झाले की जॉबचा एक फेरा होतो. सात भाग हवे असतील तर चाळीसला सातने भागायचे : पाच पूर्ण फेरे आणि वर पाच सप्तमांश. हे पाच सप्तमांश कसे मोजायचे? त्यासाठी हँडलमागे भोकांची एक तबकडी असते आणि तिच्यावर भोकांची अनेक वर्तुळे असतात. त्यांतले २१ भोकांचे निवडायचे. २१ चे पाच सप्तमांश म्हणजे १५. तेव्हा प्रत्येक बाजूसाठी हँडल पाच वेळा पूर्ण फिरवायचे, वर पंधरा भोके पुढे जायचे आणि खिट्टी भोकात सोडायची. पट्टी-कंपासाला न जमलेला सप्तकोन अशा रीतीने हाती येतो. तबकडी हे एक कोष्टकच आहे. फक्त ते कागदाऐवजी ओतीव लोखंडावर लिहिलेले आहे.

आता नवशिक्याची नेहमीची चूक पाहा. खिट्टी ज्या भोकात उभी आहे तेच तो 'एक' म्हणून मोजतो. म्हणजे पंधराऐवजी चौदाच अंतरे पुढे जातात. हँडलचा एक फेरा नऊ अंशांचा, म्हणून प्रत्येक वेळी नऊ अंशांचा एकविसावा भाग कमी पडतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पहिली बाजू बरोबर वाटते, दुसरी, तिसरीही वाटते. शेवटी हिशेब लागतो तेव्हा सहा बाजूंमधली अंतरे ५१ अंशांची आणि सातवे ५४ अंशांचे झालेले असते. वर्तुळ हा फार प्रामाणिक परीक्षक आहे. तो मध्ये काही बोलत नाही. आरंभाला परत पोहोचल्यावर सारी लबाडी आणि सारा निष्काळजीपणा एकदम समोर मांडतो.

या टप्प्यावर कामाची विभागणी लक्षात घेतली पाहिजे. गणित पुस्तकातल्या कोष्टकात गेले, अंतर तबकडीत गेले. पण वाचक, मोजणारा आणि फिरवणारा एकच माणूस राहिला. हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवायचे, भोक ओलांडून पुढे गेलो तर थोडे मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यायचे, नाहीतर दात्यांमधला ढिलेपणा कोनात उतरतो, हे कोष्टकात नसलेले ज्ञानही त्याच्याचकडे होते. आपल्याकडे व्यवसाय-शिक्षणाने टर्नरला 'कातारी' आणि फिटरला 'जोडारी' असे शब्द दिले आहेत. ते शब्द आम्हांला आवडतात. त्यांत माणूस त्याच्या क्रियेवरून ओळखला जातो.

४

ही एकजूट विसाव्या शतकाच्या मध्यावर तुटली. ती कशी तुटली याचे एक चित्र फार बोलके आहे. मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स यांचा कारखाना हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्याचा आडवा छेद वक्र असतो, आणि तो वक्र ठरवणारे बिंदू मोजकेच मिळत. मधली जागा हाताने आखून भरावी लागे. पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलन यांनी हिशेबनीस वापरत ती छिद्रित पत्त्यांची गणकयंत्रे कामाला लावली आणि कितीतरी अधिक बिंदूंचे अंक काढले. मग मिलिंग यंत्रापाशी तीन माणसे उभी राहिली. एक जण कागदावरचे अंक मोठ्याने वाची. दुसरा टेबल एका दिशेने त्या अंकापर्यंत आणी, तिसरा दुसऱ्या दिशेने. मग कटर खाली येई. पुढचा अंक, पुन्हा तेच.

वाचक आणि कर्ता येथे प्रथमच वेगळे झाले. जो वाचतो तो यंत्राला हात लावत नाही, आणि जे हात लावतात त्यांना आपण कोणता वक्र कोरत आहोत हे कळण्याची गरज उरत नाही. तिन्ही माणसे काढून त्या जागी छिद्रित फीत आणि मोटर बसवणे ही यापुढची केवळ एक पायरी होती. अमेरिकी हवाई दलाने १९४९ मध्ये पार्सन्स यांना कंत्राट दिले, त्यातले नियंत्रणाचे काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेले, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये कागदी फितीवरच्या अंकांनी चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्यालाच अंकीय नियंत्रण म्हणतात. पुढे फितीची जागा संगणकाने घेतली आणि 'सीएनसी' हे नाव रूढ झाले. पार्सन्स आणि स्टुलन यांना १९८५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले.

याच काळात दुसरी एक वाट उपलब्ध होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशी पद्धत तयार केली होती की, कुशल कारागिराने एकदा जॉब करावा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर मुद्रित व्हाव्यात, आणि यंत्राने त्या पुन्हा पुन्हा वाजवाव्यात. हा जणू मौखिक परंपरेचा मार्ग होता. अंकांचा मार्ग लेखी परंपरेचा. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' (१९८४) या ग्रंथात असा युक्तिवाद केला की, मुद्रणाची पद्धत मागे पडली ती केवळ तांत्रिक कारणांनी नव्हे. तिच्यात कामाची सूत्रे कारागिराच्या हाती राहत होती, आणि व्यवस्थापनाला ती कचेरीत हवी होती. या युक्तिवादाला वजन आहे. तथापि दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. विमानाच्या पंखांचे वा हेलिकॉप्टरच्या पात्यांचे जे वक्र हवे होते ते हाताने काढणे उत्तम कारागिरालाही कठीण होते, आणि जे हाताने झालेच नाही त्याचे मुद्रण कसे करणार? सत्तेची हाव आणि वक्राची गरज या दोन्ही गोष्टी एकाच फितीत गुंडाळल्या गेल्या, असे आम्हांला वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी येथे एक दुवा आहे. कर्ट व्होनेगट काही वर्षे याच जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होता, आणि तिथे पाहिलेल्या स्वयंचलित मिलिंग यंत्रातून आपल्याला 'प्लेअर पियानो' या पहिल्या कादंबरीची कल्पना सुचली, असे त्याने पुढे सांगितले. ती प्रसिद्ध झाली १९५२ मध्येच, म्हणजे एमआयटीच्या प्रात्यक्षिकाच्या वर्षी. तिच्यात रूडी हर्ट्झ नावाचा एक वृद्ध लेथ-कारागीर आहे. तरुणपणी अभियंत्यांनी त्याच्या हालचाली फितीवर उतरवून घेतल्या, आणि त्याच फितीने त्याला आणि त्याच्यासारख्या अनेकांना कामावेगळे केले. लक्षणीय हे की त्याला याचा संताप नाही, अभिमान आहे. आपली निवड झाली होती, हे तो विसरत नाही. पियानो आपोआप वाजतो, पट्ट्या खालीवर होतात, आणि बोटे मात्र दिसत नाहीत, ही त्या कादंबरीतील मध्यवर्ती प्रतिमा. व्होनेगटने कारागिराला मुद्रणाच्या पद्धतीने नाहीसे केले आणि इतिहासाने लेखनाच्या पद्धतीने. दोन्हींत बोटे गेलीच.

५

मग या लेखनाची भाषा कशी होती? एमआयटीतच डग्लस रॉस याच्या नेतृत्वाखाली 'एपीटी' ही भाषा घडली आणि २५ फेब्रुवारी १९५९ रोजी ती वार्ताहरांपुढे मांडण्यात आली. त्या भाषेत लिहिलेल्या आज्ञांनी कोरलेली ॲल्युमिनियमची एक रक्षापात्रे पाहुण्यांना भेट मिळाली होती. या भाषेतील आज्ञा इंग्रजीसारख्या होत्या : डावीकडे जा, उजवीकडे जा, पुढे जा. पण कोणाच्या डावीकडे? यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या नव्हे. लिहिणाऱ्याने स्वतः हत्यारावर बसून प्रवास करतो आहोत अशी कल्पना करायची, आणि ज्या दिशेने आलो तिच्या संदर्भात डावे-उजवे ठरवायचे. कथनमीमांसेत आपण ज्याला दृष्टिबिंदू म्हणतो, तो येथे व्याकरणाचाच भाग होता.

आज यंत्रांवर जी आज्ञावली चालते ती 'जी-कोड' म्हणून ओळखली जाते. तिच्यातही हाच संकेत निराळ्या रूपात टिकून आहे. जॉब स्थिर आहे आणि हत्यार त्याच्याभोवती हिंडते आहे असे मानून लिहायचे. प्रत्यक्षात टेबल सरकत असले तरीही. तीन सरळ अक्षांना एक्स, वाय आणि झेड ही अक्षरे. त्यांच्याभोवतीच्या फिरण्याला अनुक्रमे ए, बी आणि सी. आता फिरत्या पकडीची पंचाईत पाहा. टेबलावर बसवलेली पकड जॉबला फिरवते. हत्यार जागचे हलत नाही. पण संहितेचा संकेत सांगतो की हत्यारच जॉबभोवती फिरले. म्हणून जॉब प्रत्यक्षात ज्या दिशेला वळतो तिच्या उलट दिशा लिहिणाऱ्याच्या मनात असावी लागते. नवखा प्रोग्रामर येथे हमखास अडखळतो. रेल्वेच्या खिडकीतून झाडे मागे पळताना पाहण्याची सवय असलेल्यांना ही अडचण चटकन कळेल.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. कोन दोन रीतींनी सांगता येतो. 'आरंभापासून साठ अंशांवर जा, मग एकशेवीसवर, मग एकशेऐंशीवर' ही एक रीत. 'आहेस तिथून साठ अंश पुढे जा' असे पुन्हा पुन्हा म्हणणे ही दुसरी. पहिली जी-९०, दुसरी जी-९१. पहिल्या रीतीत प्रत्येक वाक्य स्वयंपूर्ण असते. मधूनच वाचायला लागलो तरी अर्थ बिघडत नाही. दुसरीत प्रत्येक वाक्य मागच्यावर टेकलेले असते. एक निसटले की पुढचे सारे चुकते, डिव्हायडिंग हेडवरच्या त्या नवशिक्यासारखे. पण पहिल्या रीतीतला 'आरंभ' तरी कुठे असतो? संहितेत तो नसतो. जी-५४ अशी एक खूण असते, आणि तिचा अर्थ एवढाच की 'शून्य इथे आहे असे समज'. हे 'इथे' कुठे, ते यंत्रापाशी उभा असलेला माणूस जॉबच्या कडेला स्पर्श करून, डायल इंडिकेटरची सुई पाहून ठरवतो. 'मी', 'आज', 'इथे' या शब्दांना बोलणाऱ्याच्या प्रसंगावाचून अर्थ नसतो, असे आपण भाषाविज्ञानात शिकतो. यंत्राच्या एवढ्या काटेकोर संहितेच्या गाभ्यातही असा एक पोकळ शब्द आहे, आणि तो भरायला हात लागतो. व्होनेगटच्या पियानोतून जी बोटे गेली होती ती येथे, एका शब्दापुरती, परत येतात.

६

फिरत्या पकडीचा पुढचा इतिहास या पोकळ शब्दाभोवतीच फिरतो. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात जीन हास याने कंपनी काढली तेव्हा तिचे पहिले उत्पादन संपूर्ण यंत्र नव्हते. तो होता प्रोग्राम करता येणारा एक छोटा इंडेक्सर, म्हणजे कॉलेटमध्ये जॉब धरून ठरल्या कोनात फिरवणारी पकड. (त्या कंपनीचे पहिले उभे मशीनिंग सेंटर १९८८ मध्ये प्रदर्शनात आले.) अशा इंडेक्सरला स्वतःची नियंत्रण-पेटी असते. मुख्य यंत्राचा प्रोग्राम एका ठिकाणी 'फिर' असा इशारा देतो, इंडेक्सर आपल्या पेटीतल्या प्रोग्रामप्रमाणे फिरतो आणि 'झाले' असा उलट इशारा पाठवतो. एका कामाच्या आता दोन संहिता झाल्या. त्यांना जोडणारी एक केबल.

ही केबल दिसायला किरकोळ. अडचण मात्र मोठी. १९६० च्या दशकातच सिगारेटची यंत्रे बनवणाऱ्या मोलिन्स या ब्रिटिश कंपनीत थिओ विल्यमसन यांनी 'सिस्टिम २४' नावाची योजना आखली होती. दिवसपाळीत माणसांनी जॉब पॅलेटवर बांधून ठेवायचे आणि यंत्रांनी चोवीस तास, रात्री माणसावाचून, ते कापत राहायचे. पॅलेटची ही कल्पना पुढे सर्वत्र पसरली. पण जे पॅलेट यंत्रात आत-बाहेर ये-जा करते त्याच्यावर केबलने बांधलेली फिरती पकड ठेवणे कठीण. केबल गुंतते, कूलंटने भिजते, धातूच्या किसात अडकते. मग पकडीनेच आपली वीज बरोबर बाळगावी, हा विचार स्वाभाविक होता. बॅटरीवर चालणारे उपकरण मशीनिंग सेंटरच्या आत नवे नव्हते. जॉबला स्पर्श करून त्याचे स्थान कळवणारे प्रोब बॅटरीवर चालून प्रकाशाच्या किंवा रेडिओच्या मार्गाने आपले निरोप पूर्वीपासून पाठवत होते. बॅटरीवरची फिरती पकड हा त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम.

या पकडीच्या रचनेत दोन क्रियापदे पुन्हा वेगळी होतात. फिरवायला वीज लागते. धरायला लागू नये. कारण कटर जॉबमध्ये रुतलेला असताना बॅटरी संपली आणि पकड सैल पडली तर जॉब, कटर आणि कदाचित स्पिंडलही जाईल. म्हणून शहाणी रचना अशी की, ब्रेक स्प्रिंगने किंवा दात्यांनी आपोआप आवळलेला राहावा, आणि फिरण्यापुरता तो विजेने सोडवावा. बॅटरी संपली तर काम थांबते, पण धरलेले सुटत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढचा प्रश्न मात्र यापेक्षा नाजूक आहे. अशी पकड पुष्कळदा मुख्य नियंत्रकाचा अक्ष म्हणून गणली जात नाही. नियंत्रक तिला फक्त इशारा देतो. म्हणजे तिची भाषा 'आहेस तिथून पुढे जा' या रीतीची. समजा, सहा बाजूंच्या जॉबच्या तिसऱ्या बाजूवर कटर तुटला. ऑपरेटरने नवा कटर लावून प्रोग्राम मधूनच पुन्हा सुरू केला आणि त्या गडबडीत एक इशारा जास्त गेला. संहिता समजते आपण तिसऱ्या बाजूवर आहोत; पकड चौथीवर आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि जॉब भंगारात. म्हणून जाणता प्रोग्रामर काही पथ्ये पाळतो. आरंभी पकडीला तिच्या मूळ स्थानी पाठवायचे. फिरण्याचा इशारा देण्यापूर्वी हत्यार पुरेसे वर न्यायचे. ठरावीक सेकंद नुसते थांबून फिरणे झाले असेल असे गृहीत धरायचे नाही. उलट इशाऱ्याची वाट पाहायची. आणि शक्य असेल तर प्रोबने एका ओळखीच्या पृष्ठाला स्पर्श करून, आपण समजतो तीच बाजू वर आहे ना, हे विचारून घ्यायचे. ही सारी पथ्ये म्हणजे एकतर्फी आज्ञेचे संवादात रूपांतर करण्याची धडपड आहे. सांगितले म्हणजे झाले असे नाही. ऐकले गेले की नाही हे कळल्यावाचून पुढचे वाक्य बोलू नये, एवढाच त्यांचा सारांश.

येथे एक विपर्यासही नोंदवावासा वाटतो. केवळ इशाऱ्यावर ठरल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या या पकडीला पिळाची खाच कापता येत नाही. त्यासाठी टेबलाची चाल आणि जॉबचे फिरणे क्षणोक्षणी एका लयीत असावे लागते. पूर्णपणे जोडलेल्या चौथ्या अक्षाला ते जमते. ब्राउन यांच्या १८६२ च्या यंत्रालाही, चार दातेरी चक्रांच्या जोरावर, जमत होते. केबल तोडल्याने स्वातंत्र्य मिळाले, पण लय गेली.

७

या इतिहासाकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक विजयकथेची : बर्डच्या थरथरत्या कंपासापासून बॅटरीवरच्या पकडीपर्यंत माणूस हळूहळू कष्टांतून सुटत गेला. दुसरी शोककथेची : पिढ्यान्पिढ्यांचे कौशल्य टप्प्याटप्प्याने हिरावले गेले आणि कातारी 'बटण दाबणारा' झाला. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. कारण दोन्ही असे धरून चालतात की लेखन पूर्ण झाले. आम्हांला दिसते ते असे की, प्रत्येक टप्प्यावर लेखनाने मोजणे घेतले, नंतर फिरवणे घेतले, पण धरणे कधीच पूर्णपणे घेतले नाही. जॉब किती आवळायचा? पातळ नळी जास्त आवळली तर दबते, कमी आवळली तर निसटते. पकडीच्या जबड्यात किसाचा एक कण राहिला तर सगळे अंक बरोबर असूनही जॉब तिरका बसतो. हे प्रोग्राममध्ये येत नाही. ते पहिला जॉब बसवणाऱ्या माणसाच्या तळहातात असते.

प्रश्न मग न्यायाचा होतो. कारखान्याच्या श्रेणीत लिहिणारा वर असतो आणि धरणारा खाली. वेतनात, मानात आणि चूक झाल्यावर जाब देण्यातही. संहिता चुकली तर ती दुरुस्त होते. पकड चुकली तर माणूस दोषी ठरतो. ज्या 'इथे'वर सारी संहिता उभी आहे, ते 'इथे' ठरवणाऱ्याचे नाव मात्र संहितेत कुठेच नसते. लेखक कोण, या प्रश्नाची आपण साहित्यात पुष्कळ चर्चा केली आहे. संहितेला जमिनीवर कोण टेकवतो, हा प्रश्नही तितकाच जुना आहे, आणि तो विचारण्याची सवय आपल्याला कमी आहे.

१७६७ मध्ये रेखांश मंडळाने बर्डकडून पुस्तिका मागितली तेव्हा बरोबर शिष्यही मागितला होता. पुढच्या काळाने पुस्तिका लक्षात ठेवली आणि शिष्याची अट विसरली. सातव्या बाजूपाशी वर्तुळ हिशेब मागते, तसा तो या विसरण्याचाही कधीतरी मागितला जाईल, असे आम्हांला वाटते. तोवर, एखाद्या कार्यशाळेच्या दारावरून जाताना आत कोणी डायलच्या सुईकडे एकटक पाहत जॉबला हलकेच लाकडी हातोडीने ठोकताना दिसला, तर तो काय करतो आहे हे आपल्याला ओळखता यावे. एका लिहून झालेल्या वाक्यातला रिकामा शब्द तो भरतो आहे.